वजा अन्विता

माणूस वजा करायचं यंत्र आमच्या गच्चीवर आलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्यात आमच्या घरची पुरुषमाणसं घालता येतील का?"

कोकिळाबाई खो खो हसल्या. यंत्र घेऊन आलेली अन्विता ठोसर मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाही काकू. ह्यातून फक्त मलाच वजा करता येतं."

मी चारुशीला भंगाळे. जळगावात आमची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर मी आणि आमचे हे, पहिल्या मजल्यावर धाकटे दीर आणि माझी जाऊ नीलिमा, दुसऱ्यावर कोकिळाबाई झोपे. त्या एकट्याच असतात, पण आवाज चौघींचा. त्यांच्या वर गच्ची, आणि गच्चीभर सोलरची पॅनेलं. हल्ली आमच्याकडे वैशाखात उन्हाचा भोंगा वाजतो, की दारं-खिडक्या लावून घरात बसायचं. पण सकाळी त्या पॅनेलांखाली छान सावली असते, वाराही असतो, आणि उडदाचा पापड तर सावलीतच वाळवायचा असतो. जागा एकदम झकास. फक्त तिथे पापड लाटायला कित्येक वर्षांत कोणी बसलं नव्हतं.

आता घरोघरी पापडयंत्र आलंय. वरून पीठ टाकायचं, बटण दाबायचं, खालून वाळलेला पापड बाहेर. चवही बरी असते, उगाच खोटं का बोलू? पूर्वी मात्र आम्ही एकमेकींकडे लाटायला जायचो. आज माझे पापड, उद्या तुझे. जिचे पापड असतील तिने सकाळी दारोदार जाऊन म्हणायचं, "चल गं, पीठ कुटून झालंय." की पोळपाट-लाटणं काखेत मारून बाकीच्या निघाल्याच. अर्धं पीठ लाट्या खाण्यातच संपायचं.

हे सगळं मोडलं माझ्या मृण्मयीच्या लग्नात. लग्नाचे पापड, अख्खी कॉलनी लाटायला आली, आणि नीलिमा आली नाही. सख्खी जाऊ! जिन्याचे दोन टप्पे चढून यायचं, तेवढंही तिला झालं नाही. का आली नाही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी कशाला विचारू? तेव्हापासून आमचा अबोला. दिवाळीचं ताट खालून वर जायचं आणि वरून खाली यायचं, पण नेणारे-आणणारे दोघींचे नवरे. आम्ही दोघी बोलत नाही म्हटल्यावर गच्चीवर कोण बसणार? बाकीच्या बायकांनीही यंत्रं घेऊन टाकली.

असं सगळं असताना एक दिवस कोकिळाबाई धापा टाकत माझ्याकडे आल्या.

"चारूबाई, माझ्या हातून घोळ झाला व."

"काय झालं?"

"पुण्याहून एका पोरीचा फोन आला होता. हाताने पापड लाटणाऱ्या बायकांचा गट तुमच्याकडे अजून आहे का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आहे ना!"

"आहे? कुठे आहे?"

"अहो, पोरगी इतक्या लांबून येणार म्हणते. तिला नाही कसं म्हणायचं? परवा येतेय. महिना-दीड महिना राहणार आहे, माझ्याकडेच."

आता बोला. पाहुणी येणार म्हटल्यावर गट उभा करणं भागच होतं. मी उडीद दळून आणले, पापडखार आणला, हिंग आणला. नीलिमाकडे मात्र गेले नाही. तो प्रश्नच नव्हता.

अन्विता आली. बारकीशी, चष्मा लावलेली, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी पिशवी. पहिल्याच सकाळी तिने आम्हाला समजावून सांगितलं. "मी बाजूला बसून बघणार नाही. तुमच्यातलीच एक होऊन लाटणार, तुमच्याबरोबर खाणार, हसणार, आणि हे करता करता बघणार. समाजशास्त्रात ह्याला सहभागी निरीक्षण म्हणतात. तेव्हा मला पाहुणी समजू नका."

"बिलकूल नाही समजत," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि तिला बसायला खुर्ची आणायला गेल्या.

यंत्राचं नाव वजाकार. तिने ते इतकं नीट सांगितलं की माझ्यासारखीला पण कळलं. निरीक्षण करणारा माणूस कुठेही गेला, की तिथली माणसं बदलतात. ती जरा सरळ बसतात, जरा गोड बोलतात. मग त्याने पाहिलं ते खरं किती आणि त्याच्यामुळे झालेलं किती? शंभर वर्षांहून जास्त काळ अभ्यासकांना ही अडचण होती. किराणावाला कसा आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग तेल मोजतो? वजाकार अभ्यासकाच्या बाबतीत तेच करतो. आमच्या पदराला टिकलीएवढी बटणं लावली होती, ती आमचं बोलणं-चालणं टिपायची. शिवाय आम्ही परवानगी दिली म्हणून यंत्राने आमच्या घरातल्या जुन्या नोंदी घेतल्या. विजेचे मीटर, फोन, जिन्यातले आणि दाराच्या आतले, माणूस आला की आपोआप लागणारे दिवे, सगळं. त्यातून त्याने आमचं प्रत्येकीचं एकेक प्रतिरूप तयार केलं. ही प्रतिरूपं आतल्या आत जगतात. एकदा अन्विता धरून, एकदा अन्विता सोडून. दोन्हींत जो फरक पडेल तो निरीक्षकाचा वाटा. तो पंधरा टक्क्यांच्या आत राहिला तरच विद्यापीठ प्रबंध घेतं.

"आणि जास्त झाला तर?" मी विचारलं.

"तर मी वजा करून जे उरेल तेवढंच लिहायचं," ती म्हणाली. मला तेव्हा वाटलं, बरंच उरेल की.

तिने पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. सकाळी उठायचं, वरून खाली उतरत यायचं आणि प्रत्येक दार वाजवायचं. "काकू, चला, पीठ तयार आहे!" तिने नीलिमाचंही दार वाजवलं. तिला काय माहीत आमच्यातलं! मी गच्चीवर बसले होते. बघते तर नीलिमा पोळपाट घेऊन जिन्याच्या दारात उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. पुण्याच्या पोरीसमोर घरातला तमाशा दाखवायचा नाही, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात एकदमच आलं असणार.

"ये गं, बस," मी म्हटलं.

"हो ताई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी ती मला ताई म्हणाली. मी लगेच खाली बघून लाटायला लागले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पापडावर पडलं असतं.

मग काय विचारता! महिनाभर गच्चीवर नुसती धमाल. "नीलिमा, जरा हिंग दे गं." "ताई, तुमचा पापड किती पातळ!" इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. अन्विताचा पहिला पापड चहूकडून फाटलेला निघाला. नीलिमा तिला म्हणाली, "असू दे, तळल्यावर कळत नाही." कळतं, पण आम्ही तळून सगळ्यात आधी तोच खाल्ला.

कोकिळाबाईंना तर ऊतच आला होता. पोरीला अभ्यासाला काही कमी पडू नये म्हणून त्या रोज एक नवी प्रथा काढायच्या. पहिली लाटी सगळ्यात धाकटीने डोळे मिटून खायची. लाटणं कधी डावीकडे ठेवायचं नाही. एक दिवस त्यांनी पापडाचं गाणं म्हटलं. आजीकडून आलेलं म्हणे. त्यात मधल्या एका कडव्यात सोलर पॅनेल आलं, तेव्हा नीलिमाची आणि माझी नजरानजर झाली आणि आम्हाला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला, ती पाठमोरी झाली. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा आम्ही अशाच हसायचो. सासूबाई ओरडायच्या, तरी हसायचो. ते सगळं परत आलं होतं, आणि रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना उगाचच दुसऱ्यांदा वाढत होते.

मग एका सकाळी अन्विता उतरल्या तोंडाने वर आली. निरीक्षकाचा वाटा सत्तरवर गेला होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोनवर तिला झाडलं होतं, "ठोसर, तुम्ही तिथे निरीक्षण करताय की संसार?"

पोरीचा प्रबंध धोक्यात म्हटल्यावर आम्ही तिघी कंबर कसून कामाला लागलो. ठरलं असं की तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. ती आली तरी आली नाही असं समजायचं. दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली, तर कोकिळाबाई डोळे घट्ट मिटून लाटत होत्या. नीलिमा मोठ्याने म्हणाली, "ताई, आज इथे आपण तिघीच आहोत, नाही का?" मी म्हटलं, "हो ना, चौथं कोणीच दिसत नाही." चहा झाला तेव्हा तिला चहा द्यायचा नव्हता. आता एखादी मुलगी समोर बसलीय आणि तिला चहा विचारायचा नाही, हे कसं करतात? कोकिळाबाईंनी एक कप भरला, तिच्याजवळ ठेवला आणि आभाळाकडे बघून म्हणाल्या, "हा कप असाच ठेवलाय, कोणासाठीच नाही." संध्याकाळी वाटा ऐंशीवर गेला.

"काकू, प्लीज," अन्विता म्हणाली, "तुम्ही आधीसारख्याच वागा."

पण आधीसारखं म्हणजे कसं, ते तिला सांगायची कोणाची हिंमत होईना.

ते यंत्रानेच सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी तिने गच्चीच्या भिंतीवर आम्हाला शेवटचा हिशेब दाखवला. हाच उन्हाळा, फक्त त्यात अन्विता नाही. सोलर पॅनेलं होती, सावली होती, आणि गच्ची रिकामी. एक सकाळ गेली, दुसरी गेली, रिकामीच. मग जिन्यातून मी वर आले. म्हणजे माझं प्रतिरूप. तीच चाल, तोच गुडघ्यावर हात. येऊन कठड्याशी उभी राहिली, थोडा वेळ मोकळ्या गच्चीकडे बघितलं आणि खाली गेली. मग पुन्हा एका सकाळी आली. पुन्हा गेली.

 मी खरंच तशी जायचे. कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना वाटायचं मी तुळशीला पाणी घालायला जाते.

"आणि हे बघा," अन्विताने जिना दाखवला. माझं प्रतिरूप पहिल्या मजल्यावरून वर जायचं, तेव्हा नीलिमाच्या घरात आतल्या बाजूला, दाराशी, दिवा लागायचा. नीलिमाचं प्रतिरूप दाराच्या आत येऊन उभं राहायचं. मी वर जाईपर्यंत उभं. मी परत उतरेपर्यंत उभं. दार काही उघडायचं नाही. "हे अंदाजाने नाही काकू. जुन्या नोंदींत तो दिवा असाच लागत आलाय, कित्येक वर्षं."

 नीलिमा पोळपाटावरचं पीठ नखाने खरवडत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"माझा सगळ्यात मोठा वाटा कशात निघाला माहितीये?" अन्विता म्हणाली. "दार वाजवण्यात. बाकी गाणी, प्रथा वगैरे किरकोळ आहे. मी सकाळी दारं वाजवली नसती तर गट झालाच नसता. मी गेल्यावर यंत्राच्या मते दुसऱ्या दिवसापासून गच्ची रिकामी." आणि ती एकदम रडायलाच लागली. "म्हणजे मी प्रबंधात असं लिहायचं, की असा गट अस्तित्वातच नाही."

"अगं, आम्ही इथे बसलोय ना समोर!" मी ओरडले.

"वजा करून नाही उरत, काकू."

ती गेली. बटणं काढून नेली, पेटी बांधून नेली. कोकिळाबाईंनी तिला स्टेशनपर्यंत सोडलं आणि बरोबर एवढे पापड दिले की तिची पिशवी बंद होईना. रिक्षा वळली, तशी नीलिमा मला म्हणाली, "चला, ताई, येते मी. सगळं छान झालं." लग्नाहून निघणारी पाहुणी बोलते तसं. आणि तिने आपलं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले ती चिडूनच. एक डबडं येतं, आमच्या घरातले दिवे मोजतं आणि मला सांगतं, की चारुशीला भंगाळे उद्यापासून पुन्हा कठड्याशी उभी राहणार? मी तरातरा उडदाचं पीठ भिजवलं. खलबत्त्यात इतकं कुटलं की आमचे हे झोपेतून उठून आले आणि माझा चेहरा बघून परत गेले. मग पिठाचा गोळा घेऊन जिना चढले आणि नीलिमाच्या दारापाशी आले. खरं सांगते, हात उचलेना. दाराच्या खालच्या फटीतून आतला दिवा लागलेला दिसला. म्हणजे ती आत उभी होती. मी बाहेर उभी होते. मी दार वाजवलं.

दार लगेच उघडलं.

"चल गं, पीठ कुटून झालंय," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातल्या पिठाकडे बघितलं. "यंत्राला खोटं पाडायला आलात?"

"हो."

"मग मी नाही येत." आणि ती दार लावायला लागली.

मी दारात पाय घातला. "नीलिमा, यंत्र गेलं खड्ड्यात. तू नसलीस की मला करमत नाही. इतकी वर्षं करमलेलं नाही. आता येतेस की मी इथेच पायरीवर बसून रडू?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. कसचं काय!

"हे तेव्हा का नाही म्हणालात?" ती एवढ्या जोरात ओरडली की वरून कोकिळाबाईंचं दार उघडल्याचा आवाज आला. "मृण्मयीच्या लग्नाच्या पापडांना सगळ्या कॉलनीला बोलावणं केलंत. माझ्या दारावरून वर गेलात, कोकिळाबाईंना हाक मारलीत आणि पुन्हा माझ्याच दारावरून खाली उतरलात! मी साडी बदलून, पोळपाट घेऊन दाराच्या आत उभी होते. म्हटलं, आता वाजवतील, मग वाजवतील."

"अगं, बोलावणं परक्यांना करतात! घरच्या माणसाला कुठे बोलावणं असतं? तू घरची म्हणून तर वाजवलं नाही!"

"मला कसं कळणार मी घरची आहे?"

"लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तरी तुला कळायला नको?"

"मोठ्या तुम्ही! मान तुम्ही द्यायचा!"

"मोठी म्हणून दर वेळी मीच वाकायचं का?"

असं भांडतच आम्ही वर गेलो. पोळपाट तिच्या काखेत होता, पीठ माझ्या हातात. कोकिळाबाईंनी चटई अंथरली, दोऱ्याने लाट्या कापून दिल्या आणि मन लावून ऐकत बसल्या. आम्ही लाटत होतो आणि भांडत होतो. तिने माझ्या मृण्मयीच्या बारशापासूनचं काढलं. मी तिच्या माहेरचं काढलं. हिंग हवा होता तर "दे गं" वगैरे काही नाही, नुसता हात पुढे केला आणि तिने हिंगाची डबी हातावर आपटली. पापड मात्र एकसारखे पातळ येत होते. आणि मी अजूनही म्हणते, घरच्या माणसाला बोलावणं नसतं.

तशात माझा फोन वाजला. अन्विता होती.

"काकू, बाईंनी एक संधी दिलीये! मी निघून आल्यावर गटाचं काय झालं ते तपासून मांडलं, तर प्रबंध वाचेल. मला फक्त सांगा, गच्ची रिकामी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तिघी आहोत. पापड चाललेत."

"काय सांगता! म्हणजे यंत्र चुकलं? मी येऊ का? उद्याच निघते, स्वतः बघते—"

नीलिमाने पिठाच्या हाताने माझ्याकडून फोन ओढून घेतला. "अजिबात येऊ नकोस! तू समोर असलीस की आम्हाला गोड बोलावं लागतं. आमचं महत्त्वाचं काम चाललंय."

"कसलं काम, काकू?"

"भांडण! अर्ध्यावर आलंय. तू लिहून टाक, गट आहे म्हणून. प्रबंध झाला की मग ये, जेवायलाच ये. तोवर पाऊल ठेवलंस तर बघ."

तिने फोन ठेवला, हात पदराला पुसला आणि नवी लाटी पोळपाटावर घेतली.

"हं. कुठे होतो आपण?"

"तू मला घमेंडखोर म्हणत होतीस," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.